समाईक पाणवठा : वंश, नीती आणि बहुसांस्कृतिकता यांविषयी डॉ. आंबेडकरांचा विचार

१.

गेल्या काही दशकांत मराठी विभागांच्या परिभाषेत ‘बहुसांस्कृतिकता’ ही संज्ञा चांगलीच स्थिरावली आहे. चर्चासत्रांचे विषय, प्रबंधांची शीर्षके आणि अभ्यासक्रमांची उद्दिष्टे यांमधून ती वारंवार भेटते. प्रत्येक समूहाला स्वतःची संस्कृती असते, कोणतीही संस्कृती दुसरीहून मुळातच हीन नसते, म्हणून प्रत्येकीला सन्मानाचे स्थान मिळाले पाहिजे, असा तिचा सर्वसामान्य आशय असतो. या आशयात आक्षेपार्ह असे काही नाही. मात्र ही संज्ञा ज्या सहजतेने स्वीकारली गेली, ती सहजताच विचारात पाडणारी आहे. जे तत्त्व स्वीकारताना कोणालाच काही सोडावे लागत नाही, ते तत्त्व भारतीय समाजाच्या संदर्भात नेमके काय करते, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला दिसत नाही.

या प्रश्नाला भिडण्यासाठी लागणारी वैचारिक सामग्री मराठीत फार पूर्वीच सिद्ध झालेली आहे, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वंश, नीती आणि सांस्कृतिक वैविध्य या तीन विषयांवरील त्यांचे विचार सुटे वाचले जातात. ते एकत्र वाचले असता त्यांतून एक कसोटी हाती येते. निरनिराळे समूह आपापल्या जागी सन्मानाने नांदतात की नाही, एवढे पाहून ती कसोटी थांबत नाही. त्या समूहांमध्ये समाईक असे काही आहे काय, आणि त्या समाईकापर्यंत प्रत्येकाचा हात पोहोचतो काय, हे ती विचारते. ही कसोटी ग्रंथालयाइतकीच महाडच्या तळ्याकाठी घडली, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके बहुसांस्कृतिकतेचे उदाहरण म्हणून कोणासही सहज सुचावेत असे आहेत. महाडनजीक गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. ‘दासबोधा’च्या रचनेशी जिचे नाते सांगितले जाते ती शिवथरघळ याच परिसरात आहे. रायगड ही शिवछत्रपतींची राजधानी येथलीच. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती या खोऱ्यात आहे. महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठी, सव या गावी उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्वचेच्या विकारांवर गुण येतो या श्रद्धेने माणसे तेथे स्नानास येत आली आहेत. महाविद्यालयांच्या अभ्याससहली या ठिकाणांना भेटी देतात, विद्यार्थी टिपणे काढतात, आणि बौद्ध, वैष्णव, शैव, इस्लामी अशा धारांचा संगम म्हणून या भूमीचे वर्णन केले जाते. ही यादी खरी आहे. परंतु या यादीत चवदार तळ्याचे नाव घातले की तिचे स्वरूप बदलते, कारण तळे हे आणखी एक सांस्कृतिक स्थळ म्हणून त्या यादीत बसत नाही. या सर्व धारा शेजारी शेजारी वाहत असताना त्यांतल्या एका समूहाला ओंजळभर पाणी का मिळत नव्हते, असा प्रश्न ते साऱ्या यादीलाच विचारते.

२.

महाडच्या सत्याग्रहाची हकिकत परिचित असली तरी येथे तिच्यातील काही तपशील मुद्दाम ध्यानात घ्यावयाचे आहेत. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले, काठावर मात्र काही बदलले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली आणि २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर दंगल झाली, आणि पुढे पंचगव्याच्या एकशेआठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, जे जन्माने ब्राह्मण होते.

यांतील एक गोष्ट बहुसांस्कृतिकतेच्या चर्चेत कळीची ठरावी. तळ्याचे पाणी निरनिराळ्या जातींचे स्पृश्य हिंदू भरत होते आणि गावातील मुसलमानांनाही ते वर्ज्य नव्हते. म्हणजे धर्माची भिन्नता हा पाणी नाकारण्याचा आधार नव्हता. भिन्न उपासना, भिन्न आहार, भिन्न वेष असलेली माणसे एकाच तळ्यावर येत होती. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर तळ्याचा काठ बहुसांस्कृतिक होता. आणि नेमका त्याच काठावर अस्पृश्यांना मज्जाव होता. वैविध्याचा स्वीकार आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी एकमेकींस बाधा न आणता नांदू शकतात, हे महाडने दाखवून दिले. वैविध्य मान्य झाले की विषमता आपोआप सैल होत जाईल, ही समजूत येथे टिकत नाही.

दुसरी गोष्ट न्यायालयीन आहे. डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. त्यामुळे दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब करावा लागला. हा दावा सव्वानऊ वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दाव्याचा आधार काय होता, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वादींचे म्हणणे वहिवाटीवर उभे होते. अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आली असून ती प्रथा हाच आपला हक्क होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. अशी अनादि प्रथा सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरविले. प्रथाच सिद्ध न झाल्यामुळे ती न्याय्य आहे काय, सार्वजनिक हिताशी सुसंगत आहे काय, या प्रश्नाचा निर्णय देण्याची वेळ न्यायालयावर आली नाही.

निकाल न्याय्य होता. परंतु नीतीचा प्रश्न अनिर्णीत राहिला. प्रथा खरोखरच प्राचीन असती तर? पुरावे भक्कम असते तर पाणी नाकारणे योग्य ठरले असते काय? वहिवाट म्हणजे समूहाने पिढ्यान्पिढ्या जपलेला आचार; आणि समूहाच्या अशा आचारालाच सांस्कृतिक अभ्यासात संस्कृती म्हटले जाते. महाडच्या स्पृश्यांनी न्यायालयात मागितले ते आपल्या संस्कृतीचे संरक्षणच होते. न्यायालयाने जो प्रश्न बाजूला ठेवला तोच डॉ. आंबेडकरांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे.

३.

त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी वंशाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण समूहांमधील भेद हा रक्तातलाच भेद आहे असे एकदा मानले की नीतीला बोलण्यास जागा उरत नाही. मराठीच्या अभ्यासकाला या बाबतीत भाषेकडेच प्रथम पाहावे लागेल. अमेरिकेतील वा दक्षिण आफ्रिकेतील भेदनीतीसाठी मराठीने ‘वर्णद्वेष’, ‘वर्णभेद’ असे शब्द घडविले. त्यातील ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग. तोच शब्द ‘चातुर्वर्ण्या’तही आहे. दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द मिळाल्याने चातुर्वर्ण्य हा मुळात रंगाचा, म्हणून वंशाचा भेद असावा, असा समज भाषेतूनच पसरतो. ‘जात’ या शब्दाची गतही तशीच आहे. कोकणात आंब्याच्या जाती असतात, भाताच्या जाती असतात आणि माणसांच्याही जाती असतात. कलमाची जात आणि माणसाची जात एकाच शब्दाने सांगणारी भाषा सामाजिक भेदाला नकळत नैसर्गिक भेदाचे रूप देते.

वंशाच्या भाषेतून अस्पृश्यतेकडे पाहणारे एक महत्त्वाचे लेखक याच महाड तालुक्यातील होते. रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झाल्यावर अस्पृश्यांच्या प्रश्नावर लिहू लागले. ‘विटाळ विध्वंसन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. दापोलीस त्यांनी स्थापन केलेल्या ‘अनार्यदोषपरिहारक मंडळी’ या संस्थेच्या नावातच ‘अनार्य’ हा शब्द आहे. त्यांच्यामागे जोतीराव फुले यांची आर्य-अनार्य मांडणी होती. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ फुल्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील मूळ रहिवाशांना जिंकून दास केले, या मांडणीने जित समूहांना एक पूर्वपरंपरा आणि स्वाभिमानाची भाषा दिली. तिचे ऐतिहासिक कार्य मोठे आहे आणि तिच्याविषयी अनादर दाखविण्याचे कारण नाही.

डॉ. आंबेडकरांनी या परंपरेचे ऋण मानले. १९४६ मधील ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाच्या सिद्धान्ताचे खंडन केले. गुरू मानणे आणि गुरूचा सिद्धान्त नाकारणे या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात घडतात, ही मराठी वैचारिक परंपरेतील एक विलक्षण घटना होय. या खंडनाची बीजे त्यापूर्वी तीस वर्षे रोवली गेली होती. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. भारतीय लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून झाले आहेत आणि जाती त्या मिश्रणानंतर आल्या, अशी त्यांची मांडणी होती. सांस्कृतिकदृष्ट्या एकजिनसी झालेल्या समाजाचे तुकडे पाडून जाती तयार झाल्या आणि ते तुकडे पाडण्याचे साधन म्हणजे जातीअंतर्गत विवाहाचे बंधन, हा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपीय अभ्यासकांनी जातिसंस्थेत रंगाला जे अवाजवी महत्त्व दिले, ते त्यांच्या स्वतःच्या वर्णग्रहाचे प्रतिबिंब होते, हेही त्यांनी नोंदविले. त्या वेळी ते पंचविशीतील विद्यार्थी होते.

हाच विचार पुढे १९३६ मधील ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अधिक स्पष्ट झाला. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार, मद्रासेतील ब्राह्मण आणि मद्रासेतील परैयन यांच्यात वंशाचे अंतर नाही. जातिसंस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे तेथे म्हटले आहे. १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नासिकामापनाच्या आकडेवारीचा आधार घेऊन वंशभेदाची उपपत्ती फेटाळली. देहमापनाचे ते शास्त्र आज कालबाह्य झाले आहे आणि त्या ग्रंथातील काही तर्क इतिहासाच्या अभ्यासकांना अपुरे वाटतात, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. तथापि मूळ निष्कर्ष त्या मापनावर अवलंबून नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार भारतीय उपखंडातील लोकसमूहांत सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात व्यापक मिश्रण झाले आणि त्यानंतर समूहांतर्गत विवाहाची प्रथा दृढ झाली. संकर आधी आणि बंदिस्ती नंतर, हा १९१६ च्या निबंधातील क्रम येथेही दिसतो.

जात म्हणजे वंश नव्हे, या निष्कर्षाचा उपयोग दोन परस्परविरुद्ध कारणांसाठी होऊ शकतो. २००१ साली दरबान येथे संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातिभेदाचा प्रश्न तेथे चर्चेस यावा अशी मागणी दलित संघटनांनी केली. भारत सरकारने तिला विरोध केला. आंद्रे बेतेई यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी जात आणि वंश यांची गल्लत शास्त्रदृष्ट्या चुकीची आहे असे म्हटले. शास्त्राच्या मर्यादेत ते आंबेडकरांच्या मताशी जुळणारे होते. परंतु आंबेडकरांनी या मतावरून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या आणि दोन्ही समूहांच्या परिस्थितीत मोठे साम्य असल्याचे नमूद केले होते. साम्य परिस्थितीचे आहे, रक्ताचे नाही. आणि न्याय मागण्यास परिस्थितीचे साम्य पुरेसे आहे, ही ती भूमिका होय. वंश नाही म्हणून तक्रार नाही, असा अर्थ तिच्यातून निघत नाही. उलट, भेद निसर्गाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, म्हणून त्याची जबाबदारीही माणसांवरच येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परिषदेने भेदभावविरोधी नियमांत वंशाशेजारी जातीचा स्वतंत्र उल्लेख केला. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही त्यामुळे हा प्रश्न घराजवळचा झाला. तेथेही जातीला वंशात विरघळविण्याची गरज पडली नाही.

४.

आता नीतीचा आणि बहुसांस्कृतिकतेचा प्रश्न. पाश्चात्त्य विद्यापीठांत या चर्चेला १९९० च्या दशकात जोर आला. चार्ल्स टेलर यांनी १९९२ मध्ये मान्यतेच्या राजकारणाची मांडणी केली. माणसाची ओळख इतरांकडून मिळणाऱ्या मान्यतेतून घडते आणि मान्यता नाकारणे किंवा विकृत स्वरूपात देणे ही खरीखुरी इजा असते, असे त्यांचे म्हणणे होते. विल किमलिका यांनी १९९५ मध्ये एक उपयुक्त भेद केला. मोठ्या समाजाच्या दडपणापासून अल्पसंख्य समूहाला मिळणारे बाह्य संरक्षण समर्थनीय, पण समूहाने आपल्याच सदस्यांवर घातलेले अंतर्गत निर्बंध उदारमतवादाला मान्य होऊ नयेत, असा तो भेद होता. या विचारवंतांना भाबडे ठरविणे अन्यायाचे होईल. समूहाच्या आत दडपशाही असते, हे त्यांना ठाऊक होते.

परंतु महाडच्या तळ्याला हा भेद लावून पाहिला की अडचण येते. अस्पृश्य हा समूहाच्या आतला की बाहेरचा? खानेसुमारीत डोकी मोजताना तो हिंदू समाजात धरला जात होता. गावगाड्यातील कामांसाठी तो हक्काचा माणूस होता. गाव तेथे महारवाडा ही म्हणच आहे. मात्र पाणवठ्यावर, देवळात, पंगतीत तो बाहेरचा होता. त्याची वस्ती गावकुसाबाहेर, आणि तरीही गावाचीच. ज्याला गरजेनुसार आत आणि गरजेनुसार बाहेर ठेवले जाते, त्याच्यासाठी बाह्य संरक्षण आणि अंतर्गत निर्बंध या दोन्ही कल्पना अपुऱ्या पडतात. जातिव्यवस्थेचे वैशिष्ट्य हेच की तिने प्रत्येकाला स्वतंत्र जागा, स्वतंत्र आचार, स्वतंत्र पाणी आणि पुष्कळदा स्वतंत्र देवही दिला. वैविध्य जपणारी व्यवस्था म्हणून तिचे कौतुक करणारे लेखन मराठीत कमी नाही.

आंबेडकरांचे उत्तर याच ठिकाणी नेमके आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पत्राच्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. प्रत्येक मजला कितीही सुशोभित केला तरी शिडीचा प्रश्न सुटत नाही, हे त्या उपमेतून आपोआप निष्पन्न होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील निवेदनात आणि पुढे १९३६ मध्ये त्यांनी जॉन ड्यूई या आपल्या गुरूंच्या विचारातून आलेली एक कल्पना वापरली. समाजातील गटांमध्ये अनुभवांची देवघेव अखंड चालू असली पाहिजे, पडद्यातून द्रव झिरपावा तसे जीवन एका गटातून दुसऱ्यात गेले पाहिजे, अशी ती कल्पना आहे. तिला मराठीत ‘अभिसरण’ हा शब्द रूढ झाला आहे. सहअस्तित्व आणि अभिसरण यांतील अंतर हेच प्रचलित बहुसांस्कृतिकता आणि आंबेडकरी विचार यांतील अंतर होय.

डिसेंबर १९२७ च्या महाड येथील भाषणात हे अंतर फार सोप्या शब्दांत आलेले आहे. तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही आणि ते न पिता आजवर आपण जगलोच आहोत, असे सांगून त्यांनी सभेचा हेतू समतेची स्थापना हा असल्याचे स्पष्ट केले आणि त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. पाण्यावरची बंदी, रोटीबंदी, बेटीबंदी अशा बंद्यांचा विचार करून अस्पृश्यतेचे मूळ बेटीबंदीत आहे, असेही त्यांनी प्रतिपादिले. १९१६ च्या इंग्रजी निबंधातील अंतर्विवाहाची समाजशास्त्रीय संकल्पना येथे ‘बेटीबंदी’ या घरगुती मराठी शब्दात उतरली आणि कुलाबा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. मराठी विभागांनी ज्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे ते हेच.

परंपरेकडे पाहण्याची त्यांची रीतही याच नीतिविचारातून आली. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचे वचन होते, ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मनुस्मृती जाळली गेली. यांत विसंगती पाहणारे टीकाकार एक गोष्ट विसरतात. परंपरा सरसकट पूज्य वा सरसकट त्याज्य नसते. तिच्यातील प्रत्येक गोष्टीला नीतीच्या कसोटीवर उभे राहावे लागते. वहिवाट आहे म्हणून ती योग्य, हा न्यायालयातील वादींचा युक्तिवाद. वहिवाट योग्य आहे काय ते आधी सांगा, हा आंबेडकरांचा. जातीने नीतीलाच जातीपुरते केले, सद्गुण आणि सहानुभूती जातीच्या कुंपणात अडकली, ही त्यांची १९३६ मधील तक्रार होती. १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’मध्ये नीती हीच धम्माच्या जागी आली, ती याच विचाराची परिणती म्हणून.

५.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि त्याची दखल घ्यावयास हवी. समाईक पाणवठ्याचा आग्रह धरणाऱ्या आंबेडकरांनीच गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली आणि १९५६ मध्ये वेगळा धर्म स्वीकारला; मग त्यांचा विचार अभिसरणाचा की विलगतेचा? आक्षेपात तथ्यांश आहे. स्वतंत्र मतदारसंघांमुळे देवघेव वाढली असती की अंतर वाढले असते, याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. परंतु लादलेली विलगता आणि निवडलेली विलगता यांत नीतीच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. पहिलीत माणसाला काठावरून हाकलले जाते. दुसरीत, काठावर बरोबरीने उभे राहण्याचे बळ यावे म्हणून तो काही काळ स्वतःची जागा मागतो. धर्मांतरानेही त्यांनी संकुचित कुंपण उभारले नाही. गांधारपाल्याच्या लेण्यांच्या रूपाने महाडच्या शेजारीच उभ्या असलेल्या एका सर्वसमावेशक परंपरेशी त्यांनी नाते जोडले.

राज्यघटनेत या विचाराचे दोन्ही पैलू दिसतात. एकोणतिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक समूहास आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे सांगितले. त्यात वंश आणि जात हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, आणि तलावाचा उल्लेख नावाने आहे. मूलभूत हक्कांच्या भाषेत तलाव आणि स्नानघाट यांसारखे साधे, मातीचे शब्द का यावेत, हे ज्याला महाड ठाऊक आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. संस्कृतिजतनाचा हक्क खरा. पण त्याचा अर्थ समाईक पाणवठ्याच्या हक्काच्या उजेडातच लावावा लागतो. तसे न केल्यास उद्या कोणतीही वहिवाट संस्कृतीच्या नावाने संरक्षण मागू शकेल.

६.

मराठीच्या अध्ययन-अध्यापनात या साऱ्याचे स्थान काय, हा शेवटचा प्रश्न. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत डॉ. आंबेडकर बहुधा ‘दलित साहित्याची प्रेरणा’ या प्रकरणात भेटतात. प्रेरणा म्हणून त्यांचा गौरव होतो आणि विद्यार्थी पुढील प्रकरणाकडे वळतो. कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि दलित साहित्य यांचा तुलनात्मक अभ्यास मराठीत पुष्कळ झाला, म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा पाया घातला आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ते नाते आपल्या नावातच कोरले. हे काम मोलाचे आहे. मात्र पुढे या तुलनेला एक यांत्रिक वळण लागले. दोन्हींकडील वेदना समान, म्हणून दोन्हींची कारणेही समान, असे गृहीत धरले जाऊ लागले. वंश आणि जात यांतील जो भेद आंबेडकरांनी कष्टाने स्थापित केला, तो तुलनेच्या उत्साहात पुसट झाला. साम्य परिस्थितीत शोधावे आणि कारणे स्वतंत्रपणे तपासावीत, हा धडा तुलनात्मक साहित्याभ्यासाला त्यांच्याकडून घेता येईल.

यासाठी त्यांचे मराठी लेखन संहिता म्हणून वाचले जावयास हवे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधील अग्रलेख महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत, ते दुर्मीळ आहेत ही सबब आता उरलेली नाही. लोकहितवादी, आगरकर, टिळक यांच्या गद्याचे जसे विश्लेषण होते तसे या गद्याचे व्हावे. त्यातील युक्तिवादाची रचना, उपमांची निवड, संतवचनांचा उपयोग आणि इंग्रजी समाजशास्त्रीय संकल्पनांचे मराठीकरण हे चार विषय तरी प्रबंधांना पुरणारे आहेत. प्रेरणास्थान म्हणून फक्त वंदन झाले की वाचनाची जबाबदारी टळते. संहिता म्हणून वाचले तर तिच्याशी मतभेदही करता येतो, आणि कोणत्याही विचारवंताचा खरा सन्मान त्यातच असतो.

बहुसांस्कृतिकता ही संज्ञा टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. ती वापरताना तिला महाडचा प्रश्न विचारला जावा, एवढेच म्हणणे आहे. अभ्याससहल गांधारपाल्याची लेणी, शिवथरघळ आणि रायगड पाहून सवच्या उन्हाळ्यांपाशी थांबते, तेव्हा विद्यार्थ्यांच्या टिपणांत या स्थळांच्या यादीबरोबरच आणखी एक नोंद यावी. यांपैकी कोणते स्थळ कोणाला, केव्हापासून आणि कोणाच्या संमतीने खुले झाले? ज्या पाण्याला जमिनीच्या पोटातून वर येण्यास कोणाची परवानगी लागली नाही, त्याच्या काठाशी येण्यास माणसाला ती का लागावी? हा प्रश्न सांस्कृतिक वैविध्याच्या वर्णनाने सुटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि १९३७ च्या निकालात जो अनिर्णीत राहिला तो हाच. साहित्याच्या वर्गात त्याची चर्चा पुढे नेता येईल, आणि ती तेथे व्हावी अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी नाही.